घाटात गाडी का वाजते

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंडाळा गाव मागं पडलं की खंबाटकीचा चढ सुरू होतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुनी, कार्बुरेटरवाली गाडी होती. मे महिना, पाच माणसं, डिकी सामानानं भरलेली. चढ लागला की इंजिनातून आवाज यायचा, कोणी बॉनेटखाली बसून पत्र्यावर ज्वारीचे दाणे टाकतंय तसा. ॲक्सिलरेटर सोडला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. माथ्यावर पोचलो की सगळं शांत. साताऱ्यात एका मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. शेजारच्या सीटवर बसले आणि गाडी चढावर घ्यायला सांगितली. आवाज आला तसे म्हणाले, "सायेब, चौथा कशाला धरून बसलाय? तिसरा टाका की." तिसरा टाकला आणि आवाज निम्म्याहून अधिक गेला. "आता लावा बाजूला. उरलेला डेल्कोत हाय."

या दहा मिनिटांत पिंगिंगच्या, म्हणजे या ज्वारीच्या आवाजाच्या, निदानाचा सगळा क्रम येऊन गेला, हे मला फार उशिरा कळलं. आधी काय वाजतंय ते ऐकायचं, मग कधी वाजतंय ते पाहायचं, चालवणाऱ्याची चूक वेगळी काढायची आणि उरलेल्यासाठी पाना हातात घ्यायचा. आज बहुतेक लोक हा प्रवास उलटा करतात. आवाज आला की महागडं पेट्रोल, त्यानं भागलं नाही तर बाटलीतलं औषध, मग प्लग, मग सेन्सर. बिल वाढत जातं आणि ज्वारी पडतच राहते.

सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. प्लगपासून ज्योत पसरत जाते, गवताला एका टोकानं आग लागावी तशी. पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधीच ठिणगी पडलेली असते, म्हणजे पिस्टन खाली वळतो तेव्हा दाब नेमका कळसाला पोचलेला असावा. ज्योत पुढे सरकते तसं कोपऱ्यात उरलेलं, अजून न पेटलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. ज्योत तिथं पोचायच्या आत ते आपोआप भडकलं तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. साधारण मोटारीच्या सिलिंडरमध्ये या लाटांची कंपनं सेकंदाला सहा-सात हजारांच्या घरात असतात. ज्वारीचा तो टणक, धातूचा आवाज म्हणजे हीच कंपनं. 'आत काहीतरी सैल झालंय' हा पहिला संशय म्हणूनच चुकीचा असतो. सैल काही नसतं, घट्ट धातूच घंटेसारखा वाजत असतो.

उष्णता, दाब आणि वेळ या तिघांचा हा खेळ आहे. कोपऱ्यातलं मिश्रण जितकं गरम, जितकं दाबलेलं आणि त्याला भडकायला जितका वेळ मिळेल, तितका धोका मोठा. वेळेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जळण्याची क्रिया क्रँकच्या साधारण साठ अंशांत आटोपते असं धरलं, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर तिला सुमारे सव्वातीन मिलिसेकंद लागतात आणि १५०० फेऱ्यांवर त्याच्या दुप्पट. चौथ्या गिअरवर रडतखडत चढ चढणारं इंजिन कोपऱ्यातल्या मिश्रणाला दुप्पट सवड देतं, तीही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, म्हणजे दाब सर्वांत जास्त असताना. तिसरा टाकला की फेऱ्या वाढतात, सवड घटते, तेवढ्याच ताकदीसाठी पेडलही कमी दाबावं लागतं. मिस्त्रींचं पहिलं वाक्य फुकटचं होतं आणि निम्म्याहून जास्त रोगावरचा इलाज होतं.

त्यांचा 'डेल्को' हा शब्द मात्र थांबून पाहावा असा आहे. प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपल्या गॅरेजांत सर्रास डेल्को म्हणतात. हे मूळचं एका कंपनीच्या नावाचं लघुरूप: डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात चार्ल्स केटरिंग यांनी ती उभी केली. बॅटरीवर चालणारी ठिणगीची यंत्रणा आणि सेल्फ स्टार्टर ही त्यांचीच देणगी. पण या यंत्रणेच्या मोटारी चढावर वाजायला लागल्या तेव्हा स्पर्धकांनी खापर तिच्यावरच फोडलं. डेल्कोची घरगुती वीज बनवणारी छोटी इंजिनं केरोसीनवर चालायची, तीही ठोके द्यायची. दोष ठिणगीचा की इंधनाचा, हे ठरवायचं काम १९१६ च्या सुमारास केटरिंग यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरवर सोपवलं.

मिजलींचा पहिला प्रयोग चुकीच्या कल्पनेतून नीट उत्तर काढण्याचा मासला आहे. इंधन लाल रंगाचं केलं तर ते उष्णता लवकर शोषून लवकर वाफ होईल, असा त्यांचा तर्क होता. भांडारात तेलात विरघळणारा लाल रंग सापडेना, तेव्हा त्यांनी आयोडीन घातलं. ठोके कमी झाले! मग खरे लाल रंग आणून घातले, तर ढिम्म फरक नाही. म्हणजे काम रंगाचं नव्हतं, आयोडीनचं होतं. तिथून अनेक रसायनं तपासत ते ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेडपर्यंत पोचले. पेट्रोलमध्ये चिमूटभर शिसं आणि ठोके बंद. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये ते विक्रीला आलं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेनं पाच कामगार दगावले. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. भारतात ते थांबायला १ फेब्रुवारी २००० उजाडलं. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ साली बंद झालं. गाडीचा एक आवाज बंद करण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षं आपण रस्त्यावरच्या पोरांच्या रक्तात शिसं घातलं. पिंगिंगच्या इतिहासातलं हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

इंग्लंडात हॅरी रिकार्डो त्याच काळात वेगळ्या वाटेनं त्याच प्रश्नाकडे आले. कॉम्प्रेशन चालता चालता बदलता येईल असं इंजिन त्यांनी बनवलं आणि कुठलं इंधन किती दाबापर्यंत न वाजता टिकतं ते मोजलं. मोजायला एक पट्टी हवीच होती, ती अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी दिली. सहज वाजणारं नॉर्मल हेप्टेन शून्यावर आणि वाजायला नाखूश असलेलं आयसो-ऑक्टेन शंभरावर. गंमत अशी की शून्याचा तो शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका पाइन जातीच्या झाडाच्या डिंकातून मिळायचा. तुमचं पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणाइतकं टिकतं, त्यातला आयसो-ऑक्टेनचा टक्का म्हणजे त्याचा ऑक्टेन. या आकड्यात ताकद नाही, ऊर्जा नाही, 'पिकअप' नाही. फक्त सहनशक्ती आहे. पंपावर होणारे निम्मे गैरसमज या एका वाक्यानं मिटावेत.

मोजण्याच्याही दोन रीती आहेत. सौम्य परिस्थितीत मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजला तर रिसर्च ऑक्टेन, कडक परिस्थितीत ९०० फेऱ्यांवर मोजला तर मोटर ऑक्टेन. भारतात पंपावर पहिला आकडा सांगतात, अमेरिकेत दोघांची सरासरी. न्यू जर्सीतला भाऊ फोनवर म्हणतो, "आमच्याकडे सत्त्याऐंशीवर गाडी मस्त चालते, तुम्हाला पंचाण्णव कशाला हवं?" त्याचं सत्त्याऐंशी आपल्या मोजणीत ९१-९२ च्या आसपास बसतं. फरक दिसतो त्याहून बराच लहान असतो, आणि दोघं एकमेकांना शहाणपण शिकवत असतात.

आता गाडीकडे येऊ. आवाज आला म्हणजे पिंगिंगच, असं धरून चालणं ही सर्वांत महाग चूक. टॅपेट वाजत असतील तर टिकटिक उभ्या गाडीतही ऐकू येते, फेऱ्यांबरोबर वाढते आणि ओझ्याशी तिचं फारसं नातं नसतं. पिस्टन सैल असेल तर सकाळी थंड इंजिनात खडखड होते आणि गाडी तापली की विरते. एक्झॉस्टचं गॅस्केट गेलं असेल तर चढावर जोर लावला की फटफट येते, आणि हा सोंगाड्या भल्याभल्यांना फसवतो. सायलेन्सरवरचा सैल पत्रा तर ठरावीक फेऱ्यांवर हुबेहूब पिंगिंगची नक्कल करतो. खोल, जड, धप-धप असा आवाज आणि सोबत ऑइलचा लाल दिवा असेल तर ते कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. तिथं घाटमाथा गाठायचा विचार न करता इंजिन बंद करून टोइंगची गाडी बोलवावी. खरं पिंगिंग ओझ्याला बांधलेलं असतं: इंजिन गरम, फेऱ्या कमी ते मध्यम, पेडल दाबलेलं. पेडल थोडं सोडलं की त्याच क्षणी थांबतं. डिझेलची टकटक यात मोजू नये, तिथं इंधन आपोआप पेटणं हीच कामाची रीत आहे.

जुन्या कार्बुरेटरवाल्या गाड्यांत आणखी एक भाऊबंद भेटायचा. चावी फिरवून बंद केल्यावरही इंजिन दोन-चार आचके देत राहायचं. तिथं ठिणगी नसतेच, लालबुंद कार्बन किंवा तापलेलं प्लगचं टोक मिश्रण पेटवत असतं. चालत्या इंजिनात ठिणगीच्या आधीच असं पेटलं तर ते प्री-इग्निशन, आणि ते साध्या पिंगिंगपेक्षा कितीतरी घातक. साधं पिंगिंग महिनोन्महिने सोसलं जातं, प्री-इग्निशन काही मिनिटांत पिस्टनला भोक पाडू शकतं.

निदानाची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची चाचणी मी कुणालाही सांगतो. टाकी जवळपास रिकामी झाली की एकदा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि त्याच चढावर, त्याच गिअरवर, तितक्याच माणसांसह गाडी न्या. आवाज गेला किंवा स्पष्ट कमी झाला तर ते पिंगिंगच होतं. जराही फरक नाही तर बहुधा दुसरं काहीतरी वाजतंय आणि पेट्रोलवर खर्च करण्यात अर्थ नाही. महागड्या पेट्रोलचा माझ्या मते हाच मुख्य उपयोग: औषध म्हणून नाही, तपासणी म्हणून. इंडियन ऑइलनं १०० ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात आणलं. कॉम्प्रेशन जास्त असलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या इंजिनांना त्याचा अर्थ आहे. साध्या पेट्रोलवर न वाजणाऱ्या गाडीत ते ओतणं म्हणजे धडधाकट माणसाला कुबड्या देणं.

पेट्रोलवर संशय घ्यायला मात्र आपल्याकडे जागा आहे. केरोसीनचा ऑक्टेन पेट्रोलच्या जवळपासही नसतो, त्यामुळे थोडी भेसळही गाडीला वाजवते. एका विशिष्ट पंपावर भरल्यावरच आवाज येतो आणि पुढच्या टाकीला जातो, ही ओळखायची खूण. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. घनताही तपासून मागता येते, ती १५ अंशांना घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान हवी आणि पंपाच्या नोंदीपेक्षा ३ किलोहून जास्त फरक नको. पण हुशार भेसळ घनतेला चकवा देते, म्हणून हा कागद आणि घनता मोजायची काच म्हणजे शेवटचा शब्द नाही. या धंद्यात किती पैसा आहे हे महाराष्ट्रानं २५ जानेवारी २०११ रोजी पाहिलं. मनमाडजवळ इंधनाची भेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आलं. त्या घटनेनंतर 'पेट्रोल कुठं भरलंस' हा प्रश्न मला साधा वाटलेला नाही.

त्याच मनमाडचं नाव या विषयात दुसऱ्या, बऱ्या कारणानंही येतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे देशातले पहिले पथदर्शी प्रयोग २००१ साली झाले, त्यातली दोन ठिकाणं मिरज आणि मनमाड. आज ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, सगळीकडे पोचलं आहे आणि चढावर गाडी वाजली की पहिली शिवी इथेनॉलला बसते. ती चुकीच्या पत्त्यावर जाते. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे आत जाणारं मिश्रण थंड होतं. भारतीय मानकानुसार ई-२० चा ऑक्टेन किमान ९५ हवा. पिंगिंग कमी व्हायला याहून चांगलं काय हवं? तक्रार करायचीच तर मायलेजची करावी, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचीही करावी.

इथं एक पळवाट मात्र खरी आहे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण पावणेपंधरा भाग लागतात, इथेनॉलला नऊ. कार्बुरेटरला हे कळत नाही. जेट शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला असेल तर ई-२० वर मिश्रण पातळ होतं, गाडी आचके देते, गरम होते, आणि मालक त्या आचक्यांनाच पिंगिंग म्हणतो. जेट एक नंबर मोठा केला की बहुतेक वेळा भागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हा हिशेब बऱ्याच अंशी स्वतःच करते.

उष्णतेचं पारडं जड झालं की बाकीचं सगळं बरोबर असूनही गाडी वाजते. चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश असतात, बॉनेटखालची हवा त्याहून तापलेली. तीच गाडी जुलैत आंबोलीच्या घाटात चढवली तर कदाचित हूं की चूं करणार नाही, कारण थंड आणि दमट हवा पिंगिंग दाबते. उंचीवर हवा विरळ झाल्यानंही आवाज कमी होतो, पण आपल्या घाटांत ती बचत चढाचं ओझं खाऊन टाकतं. म्हणून 'उन्हाळ्यातच वाजते' हा पुरावा नव्हे, हंगाम आहे. बारा महिने वाजत असेल तर रेडिएटर पाहावा. आपल्याकडचा खास रोग म्हणजे कूलंटऐवजी ओतलेलं बोअरवेलचं पाणी. मराठवाड्यातल्या जड पाण्याचा क्षार पातेल्याच्या तळाला बसतो तसाच सिलिंडर हेडच्या वाटांत बसतो. तापमानाचा काटा मधोमध असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हशेजारी मात्र भट्टी पेटलेली असते.

या गरम झालेल्या इंजिनाची पुढची गोष्ट गॅरेजवाल्यांना पाठ आहे. हेड वाकतं. ते 'फेसिंग'ला जातं, म्हणजे खालून तासून सपाट करतात. तासलं की ज्वलनाची जागा लहान होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. दोनदा तासलेलं हेड आणि वर मिळेल ते पातळ गॅस्केट, की आयुष्यात कधी न वाजलेली गाडी इंजिनाचं काम झाल्यावर वाजायला लागते. मालक म्हणतो, काम बिघडवलं. मिस्त्री म्हणतात, पेट्रोल खराब. जाड गॅस्केट मिळत असेल तर तो मार्ग, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, थोडं मागं घेऊन तडजोड. वापरलेली गाडी घेताना 'हेड फेस केलंय का' हा प्रश्न म्हणूनच विचारावा.

कार्बनही तेच करतो, फक्त हळूहळू. शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या पिस्टनवर काजळीचा थर चढतो. तो जागा खातो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि एखादा कंगोरा निखाऱ्यासारखा तापतो. झिजलेल्या रिंगांतून ऑइल वर येत असेल तर थर वेगानं वाढतो, शिवाय जळणारं ऑइल इंधनाची सहनशक्तीही खाली ओढतं. पूर्वी दर काही वर्षांनी हेड उघडून कार्बन खरवडणं हे ठरलेलं काम असे. आता बहुतेक वेळा चांगल्या दर्जाचं क्लीनर आणि तासभर हायवेवर मोकळी धाव एवढ्यानं भागतं. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरचा थर पेट्रोलनं धुतलाच जात नाही, तिथं अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून साफ करतात. ऐकायला पाककृती वाटते, पण काम पक्कं होतं.

जुन्या गाडीत शेवटी यायचं ते डेल्कोकडे. सीबी पॉइंटमधली, म्हणजे डेल्कोतल्या वीज तोडणाऱ्या संपर्कांमधली, फट वाढली तरी ठिणगी लवकर पडते, म्हणून आधी फट, मग टायमिंग. व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, टायमिंग लाइट लावायचा आणि रोटर फिरतो त्याच दिशेला डेल्को किंचित फिरवला की ठिणगी उशिरा पडते. आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर उभ्या गाडीत सगळं बरोबर दिसतं आणि रस्त्यावर बिघडतं. आमच्या मिस्त्रींनी लाइट लावलाच नाही. डेल्को केसभर फिरवायचे, चढावर न्यायला लावायचे. टॉप गिअरवर पूर्ण पेडल दाबल्यावर एक-दोन दाणे पडले पाहिजेत, मग अगदी थोडं मागं घ्यायचं, ही त्यांची रीत. अजिबात न वाजणारी गाडी त्यांना आळशी वाटायची. इंजिनशास्त्रही फार वेगळं सांगत नाही, ताकद आणि मायलेज पिंगिंगच्या उंबरठ्याशीच राहतात.

प्लगचं थोडक्यात. नंबर चुकीचा, जास्त गरम राहणारा प्लग बसला तर गाडी वाजू शकते. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम, आणि दुकानदार 'तोच नंबर' म्हणून दुसराच देतो. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार कण दिसले तर आता चर्चा पुरे, पिस्टन झिजायला लागला आहे.

पुण्या-मुंबईत आणखी एक कारण वाढलं आहे, आणि ते पुस्तकांत फारसं सापडत नाही. सीएनजीला पिंगिंगचं भय जवळजवळ नसतं, त्याचा ऑक्टेन १२० च्या पुढे जातो, पण तो सावकाश जळतो. म्हणून बाहेरून किट बसवताना ठिणगी आधी पाडणारा एक छोटा डबा जोडतात. गाडी पेट्रोलवर घेतल्यावर त्यानं बाजूला व्हायला हवं. तो झाला नाही तर फक्त पेट्रोलवर आवाज येतो, आणि मालक पंप बदलत फिरतो. गॅसवर गप्प आणि पेट्रोलवर बडबडी असेल तर त्या डब्याची वायर आधी काढून पाहावी.

बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरबद्दल एकच सांगतो. डब्यावरचे 'पॉइंट' बहुधा दशांशाचे असतात. 'दहा पॉइंट वाढ' म्हणजे ९१ चं ९२, १०१ नव्हे. लोहयुक्त बूस्टरनं प्लगवर तांबूस थर बसतो तो वेगळाच.

आता सगळ्यात मोठा बदल. आजच्या गाडीच्या इंजिन ब्लॉकला एक छोटा सेन्सर घट्ट पिळलेला असतो. त्यातला स्फटिक त्या सहा-सात हजारांच्या कंपनांवर कान ठेवून असतो. दाणा पडला की संगणक ठिणगी काही अंश मागं घेतो आणि मग हळूहळू पुढं आणून पाहतो. साताऱ्याचे मिस्त्री दिवसातून एकदा करायचे ते हा अष्टौप्रहर करतो. कॉम्प्रेशन पूर्वी सात-आठास एक असे, ते आज दहा-बाराच्या पुढे गेलं, हे त्याच्याच जिवावर. पण त्यानं आवाज झाकला, रोग नाही. भेसळ, कार्बन, क्षार, पातळ मिश्रण हे सगळं आतल्या आत तसंच राहतं आणि तुम्हाला फक्त 'गाडी उचलत नाही' किंवा 'मायलेज पडलं' एवढंच जाणवतं. सेन्सर असूनही आवाज येत असेल तर एकतर सेन्सर बहिरा झालाय, त्याचा बोल्ट ढिला किंवा नको तितका आवळलेला, नाहीतर कारण इतकं मोठं आहे की मागं घेऊन भागत नाही.

म्हणून नव्या गाडीत कानाऐवजी आकड्यांनी ऐकावं लागतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटा ॲडाप्टर लावून फोनवर चार गोष्टी पाहता येतात: ठिणगीचे अंश, इंधनाची दुरुस्ती, कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान. इंधनाची दुरुस्ती सतत दहा टक्क्यांच्या वर असेल तर कुठंतरी चोरून हवा आत शिरते आहे, हवेचा सेन्सर मळला आहे किंवा पंप दमला आहे. मिश्रण पातळ आहे, तेच पिंगिंगला बोलावतंय. सपाट रस्त्यावर हलक्या पेडलला वाजत असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह तुंबला आहे का पाहावं, कारण जळलेला वायू परत आत घेऊन ज्वलन थंड ठेवायचं त्याचं काम संगणकानं गृहीत धरलेलं असतं.

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत एक नवी जात आली आहे. कमी फेऱ्या, जास्त ओझं, आणि ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीआधीच भडकतो. एकच ठोका, पण हातोड्यासारखा. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त स्वच्छकांचा त्यात हात असल्याचं दिसल्यावर ऑइलची मानकं बदलली, २०२० पासूनचं 'एसपी' हे त्यातलं. टर्बो गाडीच्या मालकानं डब्यावर ही दोन अक्षरं पाहावीत, आणि हजार-दीड हजार फेऱ्यांवर पेडल जमिनीला चिकटवू नये. तिसरा टाका की, हा सल्ला तिथंही लागू पडतो.

गेल्या एप्रिलमध्ये मी तो ॲडाप्टर लावून खंबाटकी चढलो. नवी गाडी, पंचवीस वर्षांपूर्वीच्याइतकीच माणसं, एसी सुरू. चढ लागला तसा ठिणगीचा आकडा उतरायला लागला, बारा, नऊ, सहा. आवाज शून्य. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. मी सवयीनं गिअर खाली घेतला, फेऱ्या चढल्या, आणि सहाचे आठ, आठाचे अकरा झाले. सुरूरच्या फाट्यापर्यंत तो परत अठ्ठावीसवर होता. घरी येऊन एअर फिल्टर उघडला, तर आत वडाची तीन सुकी पानं आणि बोटभर धूळ.